कोठीतली धडधड

साच्यातून चिप सोडवायची असेल, तर घाई चालत नाही. धाकटीने पात्याच्या टोकाने हलकेच कड उचलली, थोडी वाट पाहिली, आणि मग मऊ, पारदर्शक रबराचा तो तुकडा साच्याने आपणहून सोडून दिला. खोडरबराएवढा तुकडा. उजेडासमोर धरला की त्यात शंखासारखी गोल गोल फिरत गेलेली एक वाट दिसायची, केसाएवढी बारीक. शेवटी तिला दोन फाटे फुटत. रुंद फाटा बाहेर पडायचा आणि अरुंद फाटा एका गोल कोठीत शिरायचा. कोठी कसली, टाचणीच्या टोकाएवढी पोकळी.

घरात ती धाकटी होती. एकदा ताईने फोनवर मोठ्याने "अगं धाकटे!" अशी हाक मारली, ती शेजारच्या टेबलावरच्या चष्मिषने ऐकली, आणि तेव्हापासून प्रयोगशाळेतही ती धाकटीच झाली. तिने त्याचं नाव चष्मिष ठेवलं होतं, त्यामुळे फिटंफाट होती. दोघांची पीएचडी एकाच सरांकडे चालली होती.

एवढ्या बारीक वाटेत काय करायचं, असं कुणी विचारलं की धाकटी शाळेचं उदाहरण द्यायची. मोठ्या नळातलं पाणी म्हणजे शाळा सुटल्यावरची पोरं. धक्काबुक्की, गिरक्या, कोण कुठे चाललंय पत्ता नाही. तेच पाणी केसाएवढ्या वाटेत घाला, की ते शहाण्या मुलांसारखं रांगेत चालायला लागतं. त्या रांगेला नेमकी वळणं दिली, तर मोठ्या पेशी एका कडेला सरकतात, लहान दुसऱ्या. आता, आईच्या रक्तात पोटातल्या बाळाच्या चार-दोन पेशी वाट चुकून आलेल्या असतात. त्या गर्दीतून वेचून कोठीत आणायच्या, की बाळाला सुई न टोचता त्याची खुशाली कळेल. धाकटीचं सगळं संशोधन एवढंच होतं.

आज त्यासाठी रक्त ताईचं होतं.

ताईला सहावा महिना होता. याआधी दोनदा तिची कूस अशीच भरत येऊन रिती झाली होती, म्हणून या वेळी घरात कुणी काही बोलत नव्हतं. आईने साधं दुपटंही शिवायला घेतलं नव्हतं. रक्त द्यायचं मात्र ताईनेच मनावर घेतलं. सरांनी परवानगी दिली, नर्सने खाली दवाखान्यात रक्त काढलं, आणि ताई रक्ताची कुपी घेऊन जिने चढून वर आली.

"एवढंसंच? मला वाटलं, बादली लावशील."

"ताई, बस ना गं जरा. धापा टाकतेयस."

"बसून कसं चालेल? डॉक्टरीणबाईंकडे नंबर लागलाय. हे खाली गाडीत बसून हॉर्न वाजवतायत." जाता जाता ती दारात थांबली. "धाकटे, त्यात बाळ दिसलं तर सांग हं. कुणासारखं आहे ते."

"नाक भावोजींसारखं निघालं तर नाही सांगणार."

ताई हसली. पोटाला हात धरून, जपून हसली.

दुपार चढली. पंखा संथ फिरत होता. चिपमध्ये रक्त ढकलणाऱ्या सिरिंज पंपाची बारीक घरघर चालली होती, आणि खिडकीतला उजेड साय धरल्यासारखा दाट वाटत होता. अशा वेळी डोळे मिटतात, म्हणून धाकटी उभ्यानेच सूक्ष्मदर्शकात पाहत होती. लाल रांग वळणावळणाने पुढे सरकली, फाट्यापाशी दुभागली, आणि कोठीत एक पेशी आली. मग दुसरी. मग आणखी काही. त्या एकमेकींना बिलगून बसल्या.

आणि हलल्या.

सगळ्या मिळून आत ओढल्या गेल्या, सैल झाल्या. पुन्हा आत, पुन्हा सैल. भराभर, एका लयीत.

धाकटीला भीती वाटली नाही, राग आला. कुठलाही पंप थोडे धक्के देतोच. तिने नळी तपासली, पंपाचा वेग कमी केला, मग वाढवला. लय तीच राहिली.

"चष्मिष, इकडे ये जरा."

त्याने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "टेबल हलतंय, मॅडम. लिफ्ट चालू असेल."

"लिफ्ट आठवडाभर बंद आहे. तूच रोज रडतोस ना जिन्यावरून?"

"मग तू श्वास कमी घे." पण तो पुन्हा वाकला, आणि या वेळी बराच वेळ वाकून राहिला. "पंप बंद करून बघ," तो म्हणाला. आवाज एकदम साधा झाला होता.

तिने पंप बंद केला. घरघर थांबली. रक्ताची रांग जागच्या जागी उभी राहिली.

कोठी धडधडत राहिली.

चष्मिषने चष्मा खाली घेतला, पुसला, आणि "चहा घेऊन येतो," म्हणून निघून गेला.

तेवढ्यात फोन वाजला. ताईच होती. मागे खोलीतले आवाज येत होते. कुणी म्हणत होतं, दुसरं मशीन आणा.

"ताई?"

"सापडत नाहीये गं." ताईचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "बराच वेळ शोधतायत. ठोकाच सापडत नाहीये. बाई नुसतं ते थंडगार यंत्र पोटावर फिरवतायत. धाकटे, पुन्हा नाही ना गं?"

धाकटीची नजर कोठीवर होती. टिक टिक टिक. इतकं इवलंसं, इतकं घाईत. कडेकडेने कोठी सुकायला लागली होती आणि पेशी थकल्यासारख्या मंदावत होत्या. तिने विचार केला नाही. विचार केला असता, तर हात पुढे गेला नसता. तिने सलाईनची सिरिंज लावली, जमेल तेवढा संथ वेग ठेवला आणि पंप सुरू केला.

कोठीत ओल आली. धडधड विरत विरत गेली, आणि उरला तो नुसता प्रवाह. सरळ, एकसारखा.

"थांब," ताई म्हणाली. "थांब, काहीतरी ऐकू येतंय."

फोनमधून आवाज आला. ठोक्यांचा नव्हे. दूर कुठे तरी नळ बारीक सोडून ठेवावा, तसा.

"बाळ हललं!" भावोजी मागे ओरडले. "लाथ मारली! पाहिलंत ना तुम्ही?"

डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "हलतंय खरं. पण हा आवाज..."

धाकटी शेवटी शास्त्र शिकलेली. खात्री केल्याशिवाय तिला राहवेना. तिने बोट पंपाच्या बटणावर ठेवलं आणि दाबलं.

फोनमधला नळ बंद झाला.

"अगं आई गं," ताई पुटपुटली.

धाकटीने बटण पुन्हा दाबलं, आणि त्यानंतर कधीही त्याला हात लावला नाही.

पुढचे महिने तिच्या आयुष्यात झोपेतल्यासारखे गेले. एक सिरिंज संपायच्या आत दुसरी जोडायची. वीज गेली तर बॅटरी. जेवण टेबलाशी, डुलकी टेबलाशी. सर कौतुकाने मान हलवत. "एक चिप इतके दिवस वाहती ठेवलीस? यावर पेपर होईल हं." आई फोनवर चिडायची, "बहीण अवघडलेली आणि तुला घरी यायला फुरसत नाही!" धाकटी ऐकून घ्यायची. आईने दुपटं शिवायला घेतल्याचं त्याच फोनवर कळलं, तेव्हा तिला रडू आलं. बाकी तपासण्या नीट येत होत्या. बाळ वाढत होतं. ठोक्याऐवजी वाहता आवाज येतो तो यंत्राचा दोष, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवून टाकलं होतं.

मुलगी झाली. गोरीपान, पूर्ण दिवसांची, दणदणीत रडणारी.

ताईने फोनवर हट्टच धरला. "आत्ताच्या आत्ता ये. तुला दाखवल्याशिवाय मी तिला कुणाच्या हातात देणार नाही."

मग धाकटीने चष्मिषला खुर्चीत बसवलं. सिरिंज कशी बदलायची ते पुन्हा पुन्हा करून दाखवलं. "प्रवाह थांबता कामा नये. काही झालं तरी."

"कळलं गं. लहान आहे का मी?" तो म्हणाला. त्याने का म्हणून विचारलं नाही. त्या दुपारनंतर त्याने सूक्ष्मदर्शकात पाहिलंच नव्हतं.

दवाखान्याची खोली उन्हाने भरली होती. पडदे हलत होते. ताई उशीला टेकून बसली होती, आणि इतकी निवांत ताई धाकटीने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

"घे. नाक बघ. यांचंच आहे."

धाकटीने बाळाला छातीशी घेतलं. ऊबदार, दुधाच्या वासाचं, कापसासारखं हलकं. तिने त्याच्या छातीला कान लावला. आत ठोका नव्हता. शांत, एकसारखं काहीतरी वाहत होतं.

"नर्स सारख्या मनगट धरून बघतात," ताई हसून म्हणाली, "आणि काही न बोलता जातात. येड्याच आहेत."

वाहता आवाज क्षणभर अडखळला. पुन्हा लागला.

धाकटीच्या खिशातला फोन थरथरला. तिने एका हाताने तो काढला. चष्मिषचा निरोप होता: "सिरिंज बदलली. थांबवलं नाही अजिबात. नळीत हवेचा एक बारीकसा बुडबुडा राहून गेला, तो पुढे सरकलाय. चालेल ना?"

बाळ झोपेत हसत होतं. त्याच्या कपाळाच्या कडेला, पातळ कातडीखाली एक निळी शीर दिसत होती. तिच्यातून मोहरीपेक्षाही लहान, पारदर्शक, गोल असं काहीतरी संथपणे वर चाललं होतं.

शीर जिथे दुभागते, तिथे ते थबकलं. मग अरुंद फाट्याने आत वळलं.