दुपारी गळणारं धरण

"इथं तर ठणठणीत कोरडं आहे," लवंगी म्हणाली आणि भिंतीच्या पायथ्याची माती चिमटीत धरून तिने दोघांच्या नाकासमोर नाचवली.

सगळे ज्याला प्रोफेसर म्हणत, त्या मावसभावाने चष्मा पुसून पाहिलं. माती खरंच कोरडी होती. काल दुपारी इंजिनिअरसाहेबांनी सगळ्या गावाला हीच जागा दाखवली होती, तेव्हा इथे बूट रुतत होते. साहेब म्हणाले होते, "धरण म्हातारं झालंय, पोटातून गळतंय. परवा समितीला दाखवतो. मग पाडायचा निर्णय घेऊन टाकू."

"गळतं धरण सकाळी सुट्टी घेतं का?" धाकट्या टिवटिवने विचारलं. तो दिवसभर काहीबाही बोलत असे, पण हा प्रश्न चांगला होता.

लवंगीला धरणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला मावशीशी होतं. मावशी जलाशयात नाव चालवायची, या काठची माणसं त्या काठाला पोचवायची. धरण पाडलं की जलाशय संपला आणि नावही संपली. काल रात्री जेवताना मावशी कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. एरवी तिची बडबड ऐकून टिवटिवसुद्धा दमायचा.

तिघं तिथेच दगडावर ठाण मांडून बसले. ऊन डोक्यावर आलं, डबे खाऊन झाले, टिवटिवला डुलकी लागली. आणि मग माती हळूहळू काळी पडली. बघता बघता पाण्याची बारीक धार लागली.

"साहेब रोज कधी येतात?" लवंगीने विचारलं.

"जेवण झाल्यावर. जेवणाआधी त्यांना कुणी हलवू शकत नाही," प्रोफेसर म्हणाला.

धारेच्या बरोबर वर, टेकाडावर, माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र होतं. मुलं धापा टाकत वर चढली. मासेकाका एका टाकीचं बूच काढून खुर्चीत निवांत पेपर वाचत होते.

"काका, हे पाणी कुठं जातं?"

"गटारातून नाल्यात. जाणार कुठं?"

"गटार दिसत नाही ते."

"कसं दिसेल? मीच मागे बुजवलं वरून. खुर्ची टेकायला सपाट जागा नको का?" काकांनी पान उलटलं. "आत पाइप आहे. जेवण झालं की रोज एक टाकी रिकामी करायची, ही माझी शिस्त."

पाइप आत कुठेतरी फुटला होता, हे कळायला प्रोफेसर असायची गरज नव्हती. मुलं पळत साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, टिवटिवच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "सुट्टी आहे ना? मग खेळा."

"ठीक आहे," बाहेर आल्यावर लवंगी म्हणाली. "खेळूच."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रोफेसर बुद्धिबळाचा पट घेऊन काकांकडे गेला. काका बुद्धिबळासाठी जेवणही सोडतील, अशी त्यांची ख्याती होती. बूच जागचं हललं नाही.

खाली समिती आली. मावशी एका कडेला उभी होती. दुसऱ्या कडेला खालच्या गावच्या डॉक्टरीणबाई होत्या. धरण पाडून नदी मोकळी करा, असं त्या कित्येक वर्षं सांगत होत्या. साहेबांनी ऐटीत काठी मातीवर टेकवली. धूळ उडाली.

साहेबांनी काठी इकडे टोचली, तिकडे टोचली. "काल इथंच होतं," ते पुटपुटले.

"साहेब, पाणी हवंय का?" लवंगीने विचारलं. "मागवते. कुठल्या रंगाचं?"

तिने खूण करताच टिवटिव धूम पळाला. वर काकांचा वजीर नुकताच गेला होता. रिकाम्या करायच्या टाकीतले मासे त्यांनी सकाळीच दुसरीकडे हलवले होते. टाक्या धुवायचं जांभळं औषध त्या पाण्यात टाकू का, असं प्रोफेसरने विचारलं. "टाक बाबा काय टाकायचं ते, बूचही काढ, पण माझी चाल आहे," काका पटावरून मान न उचलता म्हणाले.

खाली सगळे ताटकळले. समितीतले एकजण घड्याळ बघायला लागले. मग माती ओली झाली आणि तिच्यातून गुलाबी पाणी झिरपू लागलं.

लवंगीने घडाघडा सगळं सांगितलं. साहेबांचे कान लाल झाले. "सकाळी एकदा यायला हवं होतं मी," ते म्हणाले, आणि हे त्यांनी चारचौघांत कबूल केलं, एवढं मानायला हवं. काकांना पटावरून उठवून खाली आणलं, तेव्हा ते आधी पाण्याकडे आणि मग स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

समितीने पाडायचा विचार तिथल्या तिथे रद्द केला. डॉक्टरीणबाई लवंगीजवळ आल्या. "शाबास. धरण जावं असं मला आजही वाटतं, पण खोट्या कारणाने नको होतं." मग त्या मावशीकडे वळल्या. "आमच्या नदीत मात्र यंदाही दगडच राहणार."

मावशीने वळून भिंतीच्या खालच्या बाजूला पाहिलं. नदीचं पात्र पांढरं, कोरडं पसरलं होतं. इतकी वर्षं ती भिंतीच्या अलीकडच्या पाण्यात होती, पलीकडे बघायचं तिला कधी कारणच पडलं नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "भिंतीतलं ते छोटं दार रोज थोडं उघडून नदीत पाणी सोडत जा. जलाशयाचं पाणी उतरलं तर माझ्या नावेचा धक्का चिखलात जाईल. जाऊ दे. मी माणसं चिखलातून हात धरून चढवीन."

डॉक्टरीणबाईंनी मावशीचा हात घट्ट धरला.

लवंगीचा चेहरा पडला. "मावशी, आपण जिंकलो होतो ना? मग दिलंस कशाला?"

"हरले असते तर काय दिलं असतं गं?" मावशी म्हणाली आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली. "चला, भूक लागली असेल. आणि त्या प्रोफेसरला खाली बोलवा, काका वर गेले की पुन्हा पट मांडतील नाहीतर."