सुट्टीच्या दिवशी हजर

बाई सकाळी वेळेवर शाळेत पोचल्या, तर शाळेत चिटपाखरू नाही. फाटक तेवढं उघडं होतं. वसंताची सुट्टी लागली होती आणि बाईंना ते कुणी सांगितलंच नव्हतं. मुद्दाम नव्हे हो. हिनं सांगितलं असेल असं त्याला वाटलं, त्यानं सांगितलं असेल असं हिला. परदेशात पहिलीच्या वर्गाला शिकवायला आलेल्या या बाईंचं वर्षभर हे असंच चाललं होतं. सगळे हसून बोलायचे आणि शाळा सुटली की आपापल्या घरी जायचे.

वरच्या मजल्यावर पाणी पडल्याचा आवाज आला. बाई मुळातच चौकस. चोर असला तरी काय चोरतोय ते बघू, म्हणून जिना चढल्या. बघतात तर भूगोलाचे सर! बाह्या दुमडलेल्या, हातात झारी, आणि खिडकीतल्या कुंड्यांशी गप्पा रंगलेल्या. मुलांनी लावलेल्या रोपांना सुट्टीत पाणी घालायची पाळी यंदा त्यांच्यावर आली होती.

“तुम्ही… सुट्टीत शाळेत?” सर दचकलेच.

“सुट्टी आहे होय,” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, आज मुलंच उशिरा येतायत.”

सर हसले नाहीत. झारी खाली ठेवून म्हणाले, “कुणीतरी सांगायला हवं होतं तुम्हाला. म्हणजे — मी सांगायला हवं होतं.”

त्या ‘मी’मध्ये असं काय होतं कोण जाणे, पण बाईंनी घरी जायचं सोडून दुसरी झारी भरून आणली.

मग काय, बाईंना रोपांचं वेडच लागलं. रोज सकाळी हजर. कोवळी पानं तुकतुकीत दिसायची, उघड्या खिडकीतून फुलांचा वास यायचा, आणि बाईंचे प्रश्न काही संपायचे नाहीत. लोक दारांना रंगीत पताका का बांधतायत, समोरचे आजोबा एवढ्या सकाळी ढोल का वाजवतायत, सगळं सरांनी सांगायचं. सरही कमी नव्हते. पाणी घालताना बाई आपल्या भाषेत स्वतःशी काय पुटपुटतात, त्याचा अर्थ ते विचारायचे. “काही नाही, पाढे म्हणते,” असं बाईंनी दडपून सांगितलं. खरं म्हणजे त्या सरांच्या वेंधळेपणावर शेरे मारत असायच्या.

पण एक घोर लागलेला होताच. सुट्टी संपायच्या आत मुख्याध्यापिकांना सांगायचं होतं: पुढचं वर्ष राहणार की जाणार? तिकडे आई रोज फोनवर तेच विचारत होती. बाईंनी जायचं जवळजवळ ठरवलंच होतं. एकदा पानं पुसता पुसता त्यांनी सरांना ते सांगूनही टाकलं. “काम आवडतं मला. पण मी इथून गेले तरी कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.”

सर नुसतं “हं” म्हणाले. कुंडी भरून पाणी जमिनीवर वाहायला लागलं, तरी त्यांची झारी काही सरळ होईना.

निघताना मात्र ते दारात घुटमळले. “उद्या जत्रा आहे. याल…? म्हणजे, सगळं गाव येतं. मी पण — येतो.”

बाई गेल्या. न जाऊन सांगतात कुणाला! रस्ताभर पताका, पाळणे, ढोल, केसांत फुलं माळलेल्या पोरी, गर्दी तर अशी की पाय ठेवायला जागा नाही. हे काय, ते काय, असं विचारत दोघं चौकात आले. समोरून गाड्या येत होत्या. बाईंनी शेजारचा हात घट्ट धरला आणि बजावलं, “जोडीचा हात सोडायचा नाही.”

शाळेसमोरचा रस्ता ओलांडताना पहिलीच्या पोरांना त्या रोज हेच सांगायच्या. हात भलताच मोठा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा रस्ता अर्धा ओलांडून झाला होता. बाईंचे कान तापले. पलीकडे पोचताच त्यांनी हात सोडवून घ्यायला पाहिलं, तर सर सोडेनात.

“रस्ता झाला ओलांडून,” बाई पुटपुटल्या.

“शाळा येईपर्यंत सोडायचा नाही, असं सांगता ना तुम्ही मुलांना? वरच्या खिडकीतून रोज ऐकतो मी. तेवढ्यासाठी खिडकीशी येऊन उभा राहतो.” सरांचा आवाज ढोलांत बुडत होता, म्हणून ते जरा वाकले. “राहा, असं मी म्हणणार नाही. तुमचं घर तिकडे आहे. पण तुम्ही गेलात तर… लक्षात येईल. माझ्या. रोज.”

बाईंना एवढं बरं वाटलं की रडूच यायला लागलं. नेमका तेव्हाच आईचा फोन. तिकीट कधीचं काढायचं ते विचारत होती.

“आई, मी अजून वर्षभर राहतेय,” बाई आपल्या भाषेत म्हणाल्या.

पलीकडे आई हळूच म्हणाली, “एवढ्या लांब, एकटी?”

“एकटी नाही गं.”

“मग? कोण आहे?”

“आधी त्यांना सांगते, मग तुला सांगते,” म्हणून बाईंनी फोन ठेवला.

सरांना त्यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. “काय बोललात आईशी?” त्यांनी विचारलं.

पाढे म्हटले, असं सांगून सुटता आलं असतं. पण बाईंनी दम घेतला आणि सगळं, एक शब्द न गाळता, सांगितलं.