उजवीकडचं बटण

कर्र... कर्र... टक.

हा आवाज म्हाताऱ्यानं पहिल्यांदा ऐकला त्याला आता वीस वर्षं झाली असतील. दारात बसून तो खुर्चीचा वेत विणत होता, आत बायको टायपिंग करत होती. तो इतका दचकला की वेताची काडी बोटात घुसली.

ती लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची आणि हातचं काम संपलं की रोज एक पान घरचं लिहायची. कॉम्प्युटर जुना, त्याची डिस्क एवढीशी. म्हणून तिनं सगळं दाबून बसवणारा एक प्रोग्रॅम त्यात घालून घेतला होता. पेटीवर गुडघा टेकवून कपडे कोंबावेत, तसा. तेव्हापासून कॉम्प्युटर लावला की डिस्क करकरायची, पडद्यावर चूक सापडल्याची पाटी यायची आणि पाटीखाली दोन बटणं.

"अहो, काही बिघडलेलं नाही," ती बोटाला चिंधी बांधत म्हणाली होती. "तपासणारा प्रोग्रॅम आडमुठा आहे. घडी घातलेलं कापड त्याला फाटकं वाटतं. डावीकडचं बटण दाबायचं नि पुढे जायचं. उजवीकडचं दुरुस्तीचं. ते दाबलंत तर सगळी पानं पुसली जातील. मग मी गेलेच म्हणून समजा."

पुढे ती खरंच गेली. पानं राहिली. म्हाताऱ्याची शाळा चौथीपर्यंतची. रोज दुपारी चारला तो डावीकडचं बटण दाबायचा आणि अक्षरांखाली बोट फिरवत एकच पान वाचायचा. पुरवून पुरवून.

त्या दुपारी जावई आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, स्वभावानं सोनं. पण बिघाड दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. पाटी दिसताच त्याचं बोट उजवीकडे वळलं. म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला.

"जावईबापू... ते नको."

मग म्हाताऱ्यानं अडखळत सगळं सांगितलं. जावई हसला. सासूबाईंनी तुम्हाला चांगलंच धाकात ठेवलंय, म्हणाला. पण त्यानं बोट मागे घेतलं. आधी पानं दुसरीकडे उतरवून घेऊ, नंतर दुरुस्तीचं बघू, असं ठरलं. आवाज फार येतोय, डिस्क ढिली झाली असेल, असं म्हणत त्यानं डब्याचे चार स्क्रू काढले आणि झाकण सरकवलं.

कोमट धुळीचा वास आला. त्यात तिच्या पावडरीचाही होता... म्हाताऱ्याला तो लगेच ओळखू आला.

जावई टॉर्च धरून नुसता बघत राहिला.

"बाबा, या तारा कधी काढल्या? यांच्याशिवाय डिस्क चालतच नाही."

"मी कशाला हात लावतोय?"

म्हातारा वाकला. डिस्कच्या दोन्ही तारा सुटून लोंबत होत्या. टोकांवर कोळ्याचं जाळं होतं, चांगलं जुनं, धुळीनं जड झालेलं.

कर्र... कर्र... टक.

पडद्यावर पाटी तशीच होती. दोघं उभे राहिले. शेवटी म्हाताऱ्यानंच हात पुढे केला आणि रोजच्यासारखं डावीकडचं बटण दाबलं. आजचं पान उघडलं. पहिल्या ओळीखाली त्यानं बोट फिरवलं, हळूहळू मोठ्यानं वाचलं.

"अहो... जावईबापूंना... चहा विचारलात का?"

त्यानं मान वळवली. विचारायचं खरंच राहून गेलं होतं.

जावयानं टॉर्च विझवला. झाकण जागेवर बसवलं, चारही स्क्रू एकेक करून नीट आवळले. पिशवी उचलली, सासूबाईंच्या रिकाम्या खुर्चीला वळसा घातला आणि निघून गेला.