बटणांशिवायचं घर

बुढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरातली बटणं शिरीषनं रविवारी सकाळी एकेक करून काढली. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि त्याची हौस तर सत्कारणी लागत होती. लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना, बाबारावांना, पंख्यासाठीसुद्धा हाक मारावी लागे. आता ते नुसते बोलले की मायक्रोकंट्रोलरची इवलीशी चिप ऐकायची आणि रिले, म्हणजे विजेचा इवलासा खटका, टक् करून पंखा लावायचा. उत्साहाच्या भरात त्यानं बाबांचं ऑक्सिजनचं मशीनही त्याच सर्किटवर घेतलं आणि बटणांच्या जागी कोऱ्या प्लेटा बसवल्या. तिथंच त्याचा शहाणपणा नडला.

"पंखा," बाबाराव म्हणाले. पंखा फिरला तसे ते पोरासारखे हसले. "तुह्या आईनं पाहाले पाह्यजे होतं रे."

आई, कुमुद, दिवाळीनंतर गेली होती. शिरीषनं बाबांच्या नाकातली नळी नीट केली.

तिसऱ्या प्रहरी ऊन मी म्हणत होतं. गल्ली सामसूम. स्वयंपाकघरात टक् झालं आणि दिवा गेला. मग बोळातला. मग देवघरातला. प्रोग्राम चुकला असेल म्हणून शिरीषनं लॅपटॉप उघडला, पण बंद करायचा हुकूम कुठूनच गेलेला नव्हता. एवढ्यात बैठकीतला पंखा थांबला. गावाला निघताना आई घर अस्संच बंद करायची. आधी स्वयंपाकघर, मग बोळ, देवघर, बैठक. निजायची खोली शेवटी.

त्यानं चिप उपसून हातात घेतली. ती तळहातावर निर्जीव पडून होती, आणि निजायच्या खोलीत टक् झालं. कूलर थांबला. वाळ्याच्या ओल्या वासात आईच्या खोबरेल तेलाचा वास मिसळला.

"काहून बंद करून राहिली..." बाबाराव दाराकडे बघत पुटपुटले. दारात कुणीच नव्हतं. "कुमुद... मले नाही यायचं अजून..."

टक्.

मशीन थांबलं. बाबांना धाप लागली. शिरीषचा हात भिंतीवरून, कोऱ्या प्लेटांवरून नुसता फिरत राहिला. दाबायला काही उरलंच नव्हतं. प्लेट उघडायला पेचकस घेतला तर तो बोटांतून निसटला. त्याला रडू फुटलं. शेजारी नुकत्याच राहायला आलेल्या भैय्यालालचा टीव्ही मात्र चालू होता. तिथून वायर ओढली तर बाबा वाचले असते.

"बाबा, आलोच!"

पण बाहेरचं दार उघडेना. फटीतून पाहिलं, तर कडीला बाहेरून कुलूप.

"भैय्यालाल भैया! ताला तोडो! बाबा मर जाएंगे!" तो दारावर मुठी आपटत ओरडला. मागे बाबांची धाप मंदावत गेली, आणि मग ऐकूच येईना.

भैय्यालाल आपल्या ओट्यावर उभा होता, शिरीषच्या दारापासून हातभर अंतरावर. त्यानं इकडे वळूनही पाहिलं नाही. तो फोनवर कुणाला तरी शांतपणे सांगत होता, "हव, घर में कोई नहीं है. अभी-अभी निकले तीनों. कोई अम्मा आई थीं, ताला उन्होंने ही लगाया. बाबूजी तो अपने पैरों से चलके गए... और बैग शिरीष भैया के हाथ में था."