वजनखोलीतली ऊब

आमच्या प्रयोगशाळेच्या तळघरात वजनांची खोली आहे. दुकानातल्या मापांपासून औषध कारखान्यांतल्या काट्यांपर्यंत सगळं ज्या मूळ वजनांशी ताडून पाहतात, ती तिथे काचेच्या घुमटांखाली ठेवलेली असतात. जाड भिंती, दुहेरी दार, वीस अंश तापमान, आणि आत एका वेळी एकच माणूस. कारण माणूस हीसुद्धा एक शेगडीच. जुन्या बल्बएवढी उष्णता त्याच्या अंगातून सतत बाहेर पडते, आणि तेवढ्यानेही हवा हलते, काटा हलतो. म्हणून भिंतीवरचा तापमापक अंशाचा हजारावा भागही टिपतो. माणूस आत गेला की बाहेरच्या पडद्यावर रेघ चढते, बाहेर आला की उतरते.

हे सगळं मला सरांनी शिकवलं. अंगाने भारदस्त, आवाजाने मऊ माणूस. शोधनिबंधावर आधी विद्यार्थ्यांची नावं घालायचे आणि स्वतःचं पुष्कळदा गाळूनच टाकायचे. विचारलं तर म्हणायचे, "मी आपला पासंग. पासंगाचं नाव कुणी लिहितं का?"

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून किलोचं मूळ वजन निसटलं. कडेला बारीक ओरखडा पडला. मी नुसती रडत उभी होते. सरांनी नोंदवही ओढून घेतली आणि लिहिलं, 'माझ्या हातून पडले.' खाली सही.

"तुला अजून बरंच काम करायचंय," एवढंच बोलले.

त्या वर्षी ते संचालक व्हायचे होते. झाले नाहीत. पुढच्या एकोणीस वर्षांत त्यांनी या गोष्टीचा चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी सर गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी त्याच किलोची तपासणी सुरू केली. ती दहा वर्षांतून एकदा करावी लागते.

पहिल्या दिवशी बाहेर आले तर आमचे तंत्रज्ञ पडद्यापाशी उभे. त्यांना सगळी प्रयोगशाळा मामा म्हणते.

"मॅडम, आत कोण होतं तुमच्याबरोबर?"

"कोणी नाही. का?"

"रेघ दोघांची आहे."

खरंच होती. नेहमीच्या दुप्पट चढलेली. मामांनी तापमापक बदलला. दुसऱ्या दिवशी तेच. त्यांनी हवा थंड ठेवणारं यंत्र उघडलं, वायरी तपासल्या. मी मोबाइल बाहेर ठेवून गेले. तेच. मग मामा एकटे आत गेले, तेव्हा मात्र रेघ एकाचीच चढली.

"माझी ओळख नसेल कुणाशी," बाहेर येऊन ते म्हणाले आणि हसले. मग हसायचे थांबले.

प्रत्येकाची रेघ वेगळी असते. कुणी दाराशी रेंगाळतं, कुणी माझ्यासारखं तडक काट्याशी जातं. मी त्या दुप्पट रेघेतून माझी रेघ वजा केली. उरलं ते सावकाश चढत होतं, मध्ये तीन मिनिटं स्थिर, मग पुन्हा चढ. कपाटातून सरांच्या काळातले, त्यांच्या रेघा छापलेले कागद काढले. एक खिडकीच्या काचेवर धरला, त्यावर ही उरलेली रेघ छापून ठेवली. दोन रेघांची एकच झाली. त्या तीन मिनिटांत सर काय करायचे हे मला ठाऊक होतं. कामाला हात घालण्याआधी ते स्टुलावर बसून श्वास शांत होण्याची वाट पाहायचे.

काकूंकडे, म्हणजे सरांच्या पत्नीकडे, जायचं राहूनच गेलं होतं. त्या संध्याकाळी गेले.

"एकटीला करमतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"एकटं वाटतच नाही गं," काकू म्हणाल्या. "फक्त सकाळी नऊला घर एकदम गार पडतं. ते कामाला निघायचे ना, त्या वेळेला. सहाला पुन्हा बरं वाटतं."

रोजचं दूध कधी येतं ते सांगावं, तितक्या सहज त्या बोलत होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं. सहाला पाच कमी होती. काहीतरी कारण सांगून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी चिमट्याने किलो उचलला. ओरखडा माझ्या बाजूला होता.

"सर," मी मोठ्याने म्हणाले, "हे माझ्या हातून पडलं होतं. आज मी सांगणार आहे."

डाव्या खांद्याला ऊब लागली, मागून वाकून कुणी आकडे वाचत असावं तशी.

मी हलले नाही. काटा स्थिरावला. इतका स्थिर काटा मी कधी पाहिला नव्हता.

वर जाऊन संचालकांना सगळं सांगितलं. त्यांनी जुनी नोंदवही मागवून ते पान काढलं.

"आता कशाला?"

"त्यांचं नाव आहे तिथे, म्हणून."

सरांच्या ओळीखाली मी खरं काय ते लिहिलं आणि सही केली. एकोणीस वर्षांनी छाती मोकळी झाली. घरी येऊन झोपले. पुढचे दोन दिवस रजा घ्यावी लागली. दोन पांघरुणं घेऊनही थंडी जाईना. नवऱ्याने तापही मोजला. ताप नव्हता.

तिसऱ्या दिवशी कामावर गेले. मामांनी दोन दिवसांचे कागद हातात दिले.

"कुणी उघडली होती खोली?"

"किल्ली माझ्या खिशात होती, मॅडम."

दोन्ही दिवशी सव्वानऊला रेघ चढली होती. चढ दोघांचा होता.

मी त्यातून सरांची रेघ वजा केली.

उरलेली तडक चढत गेली होती. अकराव्या मिनिटाला तिच्यात एक बारीक खाच होती. तिथे मी चष्मा पुसायला थांबते.