साक्षीदार क्रमांक चोवीस

अडतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होतो. साक्षीदार बोलायचे, वकील आवाज चढवायचे, न्यायाधीश मध्येच खोकायचे आणि खोकला वगळून बाकी सगळं मी वहीत उतरवायचो. मिनिटाला एकशे वीस शब्द. माझं स्वतःचं म्हणावं असं लिखाण रजेच्या अर्जापलीकडे काहीच नव्हतं.

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत मी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. मग न बिघडलेलेही उघडायला लागलो, तेव्हा मुलीनं फोनवर झापलं.

"बाबा, जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं लिहिलंत. आता स्वतःचं काहीतरी लिहा. इतिहास एवढा वाचता, एखादी कादंबरी लिहा."

"या वयात?"

"मग काय, नळांवर निबंध लिहिणार?"

बायको आतून म्हणाली, "लिहू दे त्यांना. निदान मोरीत पाणी तरी येईल."

विषय माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता. आमच्या नदीतल्या बेटावर शंभरेक वर्षांपूर्वी साथीच्या तापाचं इस्पितळ होतं. आता तिथं नुसती जोती उरलीत. एका दुपारी आग लागली आणि एका वॉर्डातले एकतीस रोगी आतच गेले, कारण दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली असायची चादरी धुणाऱ्या एका बाईकडे. ती कुलूप लावून निघून गेली, असा ठपका तिच्यावर आला. एका जुन्या पुस्तिकेत तिच्याबद्दल मिळून दीड ओळ होती. तिच्यावर कादंबरी लिहायची असं मी ठरवलं.

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडलं. कोर्टाच्या सवयीनं सकाळी अकराला बसायचो. पहिला मसुदा लघुलिपीतच काढायचो, कारण हाताला तिचंच वळण. पण शब्द सुचतच नव्हते. दिवसाला पाऊण पान झालं तर डोक्यावरून पाणी. इस्पितळ जमलं, होडी जमली, डॉक्टरही बरा उतरला. बाई मात्र काही केल्या तोंड उघडेना. तिच्या तोंडी मी जे घालायचो ते वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखं वाटायचं. वर्षभर असंच चाललं. दोनदा सगळं बासनात गुंडाळलं, दोनदा पुन्हा उघडलं.

मग एका मंगळवारी मी बसलो आणि मान वर केली तेव्हा एक वाजला होता. समोर अकरा पानं भरलेली होती.

आनंद झाला, नाही असं नाही. अखेर सूर लागला म्हणायचा. दुपारी जेवून मी ती पानं वाचायला घेतली आणि दुसऱ्या पानावरच थांबलो.

आमच्या लिपीत स्वर ठिपक्यांनी दाखवतात. स्वतःच्या मनानं, सावकाश लिहिताना ठिपके आपोआप पडतात. कुणी भराभर बोलत असेल, तर त्यांना वेळच नसतो. नुसत्या रेघा उरतात. या अकरा पानांत एकही ठिपका नव्हता. शिवाय समासात जागोजागी एक आडवी खूण होती. ती आम्ही कोर्टात वापरायचो, साक्षीदार बोलता बोलता गप्प झाला की. आठव्या पानावर अशा सात खुणा लागोपाठ होत्या.

मजकूर बाईच्या तोंडचा होता. "किल्ली डॉक्टरसाहेबांनी सकाळीच मागून घेतली. तापातली माणसं उठून पळतात, म्हणाले. धूर दिसला तेव्हा मी घाटावर होते. पळत आले. कुलूप हातानं ओढलं. तापलं होतं, तरी ओढलं. आतले सगळे माझ्याच नावानं हाका मारत होते. किल्ली माझ्याकडे असते, हे त्यांना ठाऊक होतं ना."

हे मी रचलं असेल? रचलं असतं, तर इतकं साधं मला जमलं नसतं. लिहिण्यात एक वर्ष घालवल्यावर एवढं तरी कळत होतं.

कुठंतरी वाचून विसरलो असेन, अशी मी मनाची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी सरकारी दप्तरखाना गाठला. तिथल्या दप्तरदार बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, नाकाला मास्क आणि हातात सुती मोजे. आगीच्या चौकशीचं बाड त्यांनी स्वतः आणून दिलं.

"हे कुणी मागितल्याची नोंद नाही, काका. तुम्हीच पहिले."

तेवीस साक्षी होत्या. डॉक्टर, मुकादम, होडीवाला, सगळ्यांच्या. प्रत्येकानं बाईकडे बोट दाखवलेलं. चोविसावं पान जवळपास कोरं होतं. वर एवढंच: "साक्षीदार क्रमांक चोवीस, चादरी धुणारी बाई. हजर. लेखनिकाची वेळ संपल्याने साक्ष घेतली नाही." त्याच पानाखाली चौकशी संपल्याचा शिक्का.

माझे कान तापले. लेखनिकाची वेळ. साडेपाच वाजले की मीही पेन्सिल खिशाला लावून उठायचो. कुणाचं बोलायचं राहिलं, याचा विचार केल्याचं मला आठवत नाही.

"बरं वाटत नाही का?" दप्तरदार बाईंनी विचारलं.

"त्या इस्पितळाची आणखी काही कागदपत्रं आहेत?"

एक नोंदवही होती, आगीनंतरच्या आठवड्याची, अर्धी वाळवीनं खाल्लेली. बाईंनी हलक्या हातानं पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आगीच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. "धुण्याच्या कामावरील बाई. दोन्ही तळहात हाडापर्यंत भाजलेले."

"कुलूप लावून निघून गेली ना ही?" दप्तरदार बाई हळूच म्हणाल्या. "मग हात कसे भाजले?"

माझ्या पिशवीत अकरा पानं होती.

त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती चेष्टा करील असं वाटलं होतं. तिनं केली नाही.

"तुम्हाला भीती वाटते?" तिनं विचारलं.

"लाज वाटते."

"मग लिहा. तिचं संपेपर्यंत उठू नका."

गुरुवारी अकराला मी बसलो. खिडकीतून ऊन येत होतं, खाली भंगारवाला ओरडत होता. मी वही उघडली आणि कोर्टात ज्या आवाजात सांगायचो त्याच आवाजात म्हणालो, "बोला. सावकाश बोला. मला वेळ आहे."

पेन्सिल चालू लागली.

आवाज आला नाही. ओल्या कापडाचा वास आला, साबणाचा, आणि त्याखाली जळक्याचा.

मी लिहीत राहिलो.

एकतीस जणांची नावं तिनं सांगितली. एकेक. प्रत्येक नावानंतर गप्प राहिल्याची खूण.

बायकोनं मला जेवायला हाक मारली नाही.

पावणेसहाला हात थांबला. शेवटची ओळ होती: "एवढंच. वाचून दाखवा."

साक्ष वाचून दाखवायची असते, हा नियमच आहे. मी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचलं. वाचून झालं तेव्हा पानाच्या तळाशी, जिथं साक्षीदाराचा अंगठा घेतात, तिथला कागद ओलसर होता.

बाकीचं पुस्तक दोन महिन्यांत झालं. तिच्या साक्षीला मी हात लावला नाही. मधोमध जशीच्या तशी ठेवली. एका लहान प्रकाशकानं ते काढलं. वाचकांनी साक्षीच्या प्रकरणाचं कौतुक केलं आणि बाकीच्याबद्दल मोठ्या मनानं मौन पाळलं. दप्तरदार बाईंनी दोन प्रती नेल्या, एक चौकशीच्या बाडाशेजारी ठेवायला. मुलगी रडली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी लेखक झालो, असं निदान घरात तरी ठरलं. बेटावरच्या त्या बाईचं कुणीतरी ऐकून घेतलं, याचं समाधान मला त्याहून मोठं होतं. हात हलका झाला होता. नवीन काही सुचत नव्हतं आणि त्याची खंतही नव्हती.

तरी सवयीनं अकराला टेबलाशी बसतो.

काल बसलो होतो. खोली रिकामी, एक टेबल आणि माझी खुर्ची सोडली तर सामान असं काही नाही. बायको स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. एरवी ती दारातून सरळ टेबलाशी येते, पाच पावलं. काल ती भिंतीच्या कडेकडेनं आली, अंग चोरून, कप उंच धरून.

"जरा जाऊ द्या हं," ती पुटपुटली.

"कुणाला म्हणालीस?"

"कुठं काय? मी काही बोलले नाही."

तिनं कप ठेवला. माझ्याकडे पाहून हसली, खिडकी थोडी लोटली आणि रात्री काय करू जेवायला, असं विचारत परत निघाली, त्याच भिंतीच्या कडेनं. दारापाशी पोचण्याआधी ती थबकली. मग कोर्टाच्या व्हरांड्यातल्या ताटकळलेल्या साक्षीदारासारखं जमिनीवर कुणीतरी पाय पसरून बसलं असावं, तसं पाऊल उंच उचलून तिनं ते पलीकडे टाकलं.