पाचवी पिन

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर आमच्या आसुल गावी या आणि आन्सेल्मोच्या घरातलं टेबल बघा. प्लास्टिकच्या काचेचे तुकडे अजून तिथेच पडलेत. त्याची बायको रोसाउरा ते कोणाला उचलू देत नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे.

चौदा जानेवारी, मंगळवार. सिएस्ताची, म्हणजे दुपारच्या झोपेची वेळ. आमच्या गावात दोन ते पाच कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

आन्सेल्मो आमच्या मॉडेल क्लबातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात खडूस माणूस. प्लास्टिकची विमानं जोडायची, घासायची, रंगवायची, हा आमचा दर गुरुवारचा उद्योग. दुसऱ्याच्या पंखावर रंगाचा जरा जाड थर दिसला की हा चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "हे रंगवलंस की गिलावा केलास?"

ब्याऐंशी साली इंग्रजांशी झालेल्या युद्धात तो बावीस वर्षांचा मेकॅनिक होता, दक्षिणेतल्या एका तळावर. पण ज्या स्कायहॉक लढाऊ विमानावर त्याने काम केलं, त्याचं मॉडेल त्याने कधीच केलं नाही. जर्मन विमानं केली, इंग्रजांचीसुद्धा केली. हे नाही. विचारलं की म्हणायचा, "चांगला किट मिळत नाही."

किट त्याच्या कपाटात होता. न उघडलेला.

कारण आम्हाला फार उशिरा कळलं.

या विमानांच्या खुर्चीखाली स्फोटकाची दारू भरलेली असते. वैमानिकाने दांडी ओढली की खुर्ची त्याच्यासकट बाहेर उडते. जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिला पाच पिना लावतात, प्रत्येकीला लाल फीत. उड्डाणाआधी मेकॅनिक पाचही काढतो आणि हात वर करून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक मोजतो, अंगठा वर करतो. मग वैमानिकाच्या डोक्यावरची काच बंद.

एक पिन जरी राहिली, तरी खुर्ची हलत नाही.

लेफ्टनंट लिसांद्रो उर्रुतीची काच आन्सेल्मोने बंद केली. ते विमान परत आलं नाही. सोबतचे वैमानिक म्हणाले, समुद्रावर पेटलं, पण खुर्ची काही बाहेर आली नाही.

संध्याकाळी आन्सेल्मोने खिशातून पिना काढल्या.

चार होत्या.

पाचवी वाऱ्यात पडली असेल. किंवा...

त्याने भांडारातून एक उचलली, पाच करून खिळ्याला टांगल्या, आणि त्रेचाळीस वर्षं तोंड उघडलं नाही. रोसाउरापाशीसुद्धा नाही.

डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात, लिसांद्रोची बायको दोन्या एल्विरा, म्हणजे एल्विराबाई, आन्सेल्मोच्या दारात उभी राहिली. सत्तरीला टेकलेली, हातात काठी.

"डॉक्टर म्हणतात, हा उन्हाळा संपेपर्यंत माझी नजर जाणार," ती म्हणाली. "त्याचं विमान करून दे मला. तू शेवटचं पाहिलंस तसं. तो आत, काच बंद."

"सेन्योरा, माझ्यापेक्षा चांगलं करणारे आहेत क्लबात."

"त्यांनी त्याला शेवटचं पाहिलं नाही."

रोसाउराने माते, आमचा कडू चहा, पुढे केला. एल्विराने एक घोट घेतला.

"मला शब्द दिला होता त्याने. काही झालं तर विमान सोडून देईन, तुझ्याकडे येईन. नाही सोडलं. माझ्यापेक्षा ते पत्र्याचं प्यारं. दिसतंय तोवर एकदा समोर बसवून भांडून घेते."

आन्सेल्मोला त्या क्षणी सांगता आलं असतं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "जानेवारीत देतो."

सांगितलं तर ती आपलं तोंड बघणार नाही, याची त्याला भीती होती. आणि न सांगितलं तर ती मेलेल्या नवऱ्याला दोष देत आंधळी होणार होती. महिनाभर तो हेच चघळत बसला, आणि हात मात्र काम करत राहिले.

त्याने काम असं केलं की आम्ही गप्प झालो. सांधे पाण्याच्या पॉलिशपेपरने घासले, नखाला लागेनात असे. वाटाण्याएवढं हेल्मेट तीनदा पुसून तीनदा रंगवलं. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबच्या पत्र्यातून पाच लाल फिती कापल्या, मुंगीच्या पायाएवढ्या. त्या खुर्चीला लावल्या आणि मग चिमट्याने एकेक काढून बाटलीच्या बुचात ठेवल्या.

"रोसाउरा, मोज."

"पाच."

"परत मोज."

"पाचच आहेत, म्हाताऱ्या. ऊन लागलं का तुला?"

मग त्याने काच चिकटवली. पांढऱ्या गोंदाने. नवशिके इथे घाईचा सुपरग्लू वापरतात, त्याची वाफ आत कोंडते आणि काच कायमची धुरकट होते. आन्सेल्मो असली चूक करणाऱ्यातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. रोसाउरा आत झोपली होती. पंखासुद्धा बंद, वीज गेलेली. आन्सेल्मो टेबलाशी आला.

काच धुरकट होती...

त्याने बोटाने पुसली. धुरकटपणा गेला नाही. धुकं आतल्या बाजूला होतं.

गोंद बघितला. पांढराच होता, वाळलेला.

मग धुकं कमी झालं. पुन्हा वाढलं. कमी झालं... वाढलं...

आन्सेल्मोला कळायला वेळ लागला. त्याला कळावंसंच वाटत नव्हतं.

आत कोणीतरी श्वास घेत होतं.

टिक...

नख काचेवर लागावं तसा आवाज.

टिक... टिक...

धुक्यात एक ठिपका स्वच्छ झाला. आतून पुसल्यासारखा. त्याने भिंग लावून बघितलं. इवलंसं हेल्मेट. त्याच्या मागे खुर्चीचा माथा. आणि माथ्याशी... एक लाल फीत.

त्याने बुचात बघितलं.

चार.

"लिसांद्रो," तो म्हणाला. "थांब रे. थांब, काढतो."

गोंदावर पाणी सोडलं. पांढरा गोंद पाण्याने सुटतो, हे पोरंही जाणतात. सुटला नाही. सांध्यात पातं घातलं, पातं मोडलं. धुकं आता भराभर येत होतं, श्वास आखूड होत होते. टिकटिक थांबतच नव्हती.

आन्सेल्मो रडत होता. रोसाउरा उठून दारात आली, तेव्हा तो दोन्ही अंगठे काचेवर दाबून पुटपुटत होता, "माझी चूक, माझी चूक, मी मोजल्या नाहीत."

काच फुटली.

तिला आधी वास आला. खारा, समुद्राचा. आसुलपासून समुद्र कित्येक तासांवर.

आन्सेल्मोने चिमटा घातला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा फीत हाती आली.

"पाच," तो म्हणाला.

फट्...

काडी मोडावी तेवढाच आवाज झाला. दोघांनी बघितलं. विमानात खुर्ची नव्हती. वैमानिकही नव्हता.

त्यांनी टेबलाखाली बघितलं, गालिचा झटकला, केरसुणीने कोपरे काढले. काही नाही. मग आन्सेल्मो फरशीवर बसला आणि बायकोला सगळं सांगून टाकलं.

रोसाउराने त्याला हात धरून उठवलं. मग म्हणाली, "सुटला तो. आता गप्प बस. तिला सांगून काय मिळणार? तिला दुसरं विमान करून दे."

तो हो म्हणाला. खरंच म्हणाला. बरं वाटलं त्याला, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि फोन वाजला.

"आन्सेल्मो? मी एल्विरा. झोपेतून उठवलं का रे?"

"नाही, सेन्योरा."

"आत्ता कोणीतरी दार वाजवलं. या वेळेला कोण येतंय? उघडलं तर कोणी नाही. पायरीवर पाणीच पाणी. आणि एक लोखंडी काहीतरी पडलंय. बोटाएवढं, गंजलेलं, पार वाकलंय. चिंधी लटकतेय त्याला, लाल असावी. मला नीट दिसत नाही. तू मेकॅनिक. ये आणि मला सांग, हे काय आहे."

आन्सेल्मो चालत गेला, भर उन्हात, डोक्यावर टोपी न घालता. रोसाउरा मागून धावली. पुढचं तिने आम्हाला सांगितलंय.

एल्विराच्या तळहातावर ती पिन होती. आन्सेल्मोने ओळखली आणि सगळं सांगितलं. चार पिना, भांडार, खिळा, सगळं.

एल्विराने एकच विचारलं. "त्याने मोजल्या नाहीत?"

"त्याने वर बघितलंच नाही, सेन्योरा. हसला आणि म्हणाला, तू मोजल्यास ना? झालं तर. आणि अंगठा वर केला."

ती पिनेवरून बोट फिरवत राहिली. जिथे वाकली होती तिथे बोट थांबलं.

"म्हणजे त्याने ओढली होती," ती म्हणाली. "दांडी. पुन्हा पुन्हा ओढली होती."

तिने मूठ मिटली आणि आन्सेल्मोला जा म्हणाली.

या गोष्टीला महिने झाले. आन्सेल्मो क्लबात येत नाही. छोटी खुर्ची सापडली नाही. आमच्यातलं कोणी आता वैमानिक बसवला की काच चिकटवत नाही, नुसती ठेवतो. हसा हवं तर.

एल्विराची नजर गेली. पण दुपारी दोन ते पाच, सगळं गाव दारं लावून झोपतं तेव्हा, तिचं दार सताड उघडं असतं. आत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असतात. मला कामावर जायला तोच रस्ता आहे. मी आत बघत नाही.

पण पायरी दिसतेच.

यंदा आमच्याकडे पाऊस नाही. पायरी रोज ओली असते.